डाव्या इंजिनाची नोंद

१

फौजदारांनी पुस्तक टेबलावर ठेवलं, पण कमळाकर टिपणीसांनी ते लगेच उघडलं नाही. त्यावर हात ठेवून ते नुसते बसून राहिले. मिठाच्या पाण्यात भिजून वाळल्यामुळे पानं पापडासारखी कडक झाली होती आणि पुठ्ठ्यावर मिठाची पांढरी खपली बसली होती. पुठ्ठ्याला सुतळीने बांधलेली पेन्सिल मात्र अजून तशीच लोंबत होती.

ही गोष्ट त्रेपन्न सालच्या मार्चमधली. दोन दिवसांपूर्वी, मंगळवारी सकाळी, रत्नाकर एअरवेजचं मालवाहू डाकोटा विमान मुंबईहून पुण्याला निघालं. घाट यायच्या आतच त्याचं डावं इंजिन बंद पडलं. वैमानिकाने ते कसंबसं वळवलं आणि पनवेलच्या खाडीलगत एका मिठागरात पोटावर उतरवलं. कॅप्टन भास्कर प्रधान जागच्या जागी गेला. सहवैमानिक जगन घरत पाय मोडून वाचला. विमानात तिसरं कोणी नव्हतं.

टिपणीस सरकारी विमान खात्यात अपघातांची चौकशी करत. त्याआधी पंधरा वर्षं ते स्वतः वैमानिक होते आणि भास्करला विमान शिकवलं ते त्यांनीच.

"उघडा साहेब," फौजदार म्हणाले. "बाकी सगळं पसरलंय, पण नशिबाने कामाची ओळ तेवढी शाबूत राहिलीय."

प्रत्येक विमानाबरोबर असं एक टेक्निकल लॉगचं पुस्तक असतं. उतरल्यावर कॅप्टनने त्यात विमानातला दोष लिहायचा. दोष नसेल तर 'निल' असा शब्द लिहायचा, पण रकाना रिकामा सोडायचा नाही. मग एंजिनियरने शेजारच्या रकान्यात काय दुरुस्त केलं ते लिहून सही करायची. ती सही वाचून पुढच्या उड्डाणाच्या कॅप्टनने खाली आपली सही करायची. तोवर विमान हलत नाही.

टिपणीसांनी शेवटचं पान काढलं. रविवारच्या फेरीचा रकाना. इंग्रजीतलं, उजवीकडे झुकलेलं भास्करचं ओळखीचं अक्षर. 'निल' हा शब्द पसरट जांभळा झाला होता. त्याच्यापुढे स्वच्छ शब्द होते: 'फक्त डाव्या इंजिनाचं तेलाचं प्रेशर चढताना पडतं.'

दुरुस्तीचा रकाना कोरा. त्याखाली सोमवारची नोंद: 'विमान तपासलं. उड्डाणास योग्य.' आणि सही, जमाल मुकादम.

टिपणीसांनी ते तीनदा वाचलं. कॅप्टनने इंजिनाचा दोष लेखी दिला होता. एंजिनियरने इंजिनाला हातही लावला नव्हता आणि सही ठोकली होती. त्या सहीवर विसंबून भास्कर विमानात बसला होता.

"हा जमाल कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"मागच्या कोठडीत," फौजदार म्हणाले. "कालच उचलला. पनवेलचाच आहे, मोहल्ल्यातला. बाहेर पायरीवर बसलीय ती त्याची आई."

२

जमाल मुकादम पस्तिशीचा, जाड बोटांचा माणूस. नखांतलं काळं तेल कोठडीतही गेलं नव्हतं. टिपणीसांना पाहून तो उठून उभा राहिला.

"साहेब, मी सही केली तेव्हा तिथे फक्त निल होतं. एक शब्द. खुदा गवाह आहे."

"अक्षर भास्करचं आहे, जमाल. मी ते अकरा वर्षं वाचतोय."

"मीपण वाचतोय. पण सोमवारी ते नव्हतं. तेलाचं प्रेशर पडतं असं लिहिलेलं असतं तर मी इंजिन खोलल्याशिवाय राहिलो असतो का? त्यांच्या घरचं जेवलोय मी."

"मग ते शब्द आले कुठून?"

जमालने कपाळावरून हात फिरवला. "ते मला कसं माहीत असणार? मी रात्रभर हाच विचार करतोय. पण तुम्ही एक काम करा. कार्बन मागवा."

टिपणीस चपापले. गेले दोन दिवस त्यांचं डोकं इतकं सुन्न होतं, की जे कोणत्याही शिकाऊ पोराला सुचलं असतं ते त्यांना सुचलं नव्हतं. लॉगच्या प्रत्येक पानाखाली कार्बन असतो. उड्डाणाआधी ती खालची प्रत फाडून विमानतळावरच ठेवायची असते. उद्या विमान जळालं, बुडालं, तरी शेवटचं पान जमिनीवर शिल्लक राहावं म्हणून.

ते बाहेर आले तेव्हा पायरीवरची म्हातारी हव्वाबी उठली. तिने काही मागितलं नाही. "माझा पोरगा बारा वर्षांचा असताना त्याने शेजाऱ्यांचं घड्याळ खोललं," ती म्हणाली. "रात्र झाली तरी जेवला नाही. जोडून चालू करून दिल्यावर जेवला. एवढंच सांगते, साहेब."

टिपणीसांनी मुंबईला फोन लावला. रत्नाकर एअरवेजचे मॅनेजर कर्णिक यांना निरोप गेला: मंगळवारची कार्बन प्रत घेऊन उद्या स्वतः या.

३

दुपारी ते मिठागरावर गेले. विमान चिखलात नाक खुपसून पडलं होतं. शेजारच्या वाफ्यांमध्ये माणसं नेहमीसारखी मीठ ओढत होती.

सगळ्यांत आधी धावला होता तो मीठ ओढणारा बळीराम. त्यानेच दोघांना बाहेर काढलं, आणि कॅप्टनच्या सीटखाली पाण्यात तरंगणारं पुस्तकही उचललं. पुस्तक सांभाळलं त्याच्या बायकोने, हौसाने.

"वलं गच्च व्हतं," हौसा म्हणाली. "आमी पानं सुटी करून ओट्यावर सुकत घातलं. ही बघा, बोटं अजून जांभली हायेत. दुसरे दिवशी दुपारपर्यंत चांगलं खणखणीत सुकलं. मंग संध्याकाली पोलिस आलं नं घेऊन गेलं."

"पोलिस यायच्या आधी कंपनीचं कोणी आलं होतं?"

"आला व्हता ना एक सायब, चष्मेवाला. सकाली. म्हणला, पुस्तक माझे ताब्यात द्या. मी बोलले, नाय. पोलिसांबिगर कोणाला द्यायाचं नाय. मंग ओट्यावर बसून पानं चाळली नं गेला."

चष्मेवाले म्हणजे कर्णिकच. टिपणीसांनी ते मनात नोंदवलं.

तिथून ते दवाखान्यात गेले. जगन घरत खाटेवर पडून छताकडे बघत होता. तो जवळच्याच गावचा, मिठागरवाल्याचा मुलगा. वाफे कुठे रुंद आणि सपाट आहेत ते त्याला वरून ओळखू आलं होतं.

"मीच सरांना सांगितलं, इथे उतरू," तो म्हणाला. "ते म्हणाले, बरं. शेवटचा शब्द तोच."

"रविवारच्या फेरीला तू नव्हतास ना?"

"नाही. दुसरा होता. तो आता कलकत्त्याला आहे."

त्याला टिपणीसांनी डाव्या इंजिनाबद्दल विचारणारी तार आधीच केली होती. उत्तर आलं होतं: लक्षात नाही.

"मंगळवारी भास्कर कसा वाटला?"

"घाईत होते. सोमवारी सुट्टी होती ना, सासुरवाडीला पनवेलला राहिले होते. सकाळी इथूनच आले आणि एसटीला उशीर झाला. मी विमान तपासून ठेवलं होतं. सरांनी पुस्तकावर सही केली, कॉपी फाडून दिली. सीटवर बसल्यावर खिसे चाचपले. म्हणाले, अरे, शर्ट बदलला. परत आल्यावर बघू."

"काय शोधत होता?"

"सिगारेट असेल. मी विचारलं नाही." जगनचे डोळे भरून आले. "इंजिन जमिनीवर तर छान चालत होतं, साहेब."

४

दुसऱ्या दिवशी सकाळी कर्णिक आले. चष्मा पुसत त्यांनी पाकीट उघडलं आणि कार्बन प्रत टेबलावर पसरली.

रविवारचा रकाना. एकच शब्द. निल.

फौजदारांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले आणि खुर्ची पुढे ओढली. "म्हणजे वरच्या पानावर हे कोणी घुसडलं?"

"विमान निघाल्यानंतर," टिपणीस म्हणाले.

"मग भास्करनेच विमानात बसून लिहिलं असेल. इंजिन बिघडतंय म्हटल्यावर."

टिपणीसांनी पान खिडकीशी नेलं. सगळा कागद जांभळ्या डागांनी भरला होता. निल जांभळा, जमालची सही जांभळी, भास्करची सही तर नुसता फराटा. कारण लॉग लिहितात तो कॉपिंग पेन्सिलने. ती कोरडी असताना करडी दिसते आणि पाणी लागलं की तिचा रंग जांभळा होऊन पसरतो. ती ओळ मात्र करडी होती. स्वच्छ, कोरडी, जशी काल लिहावी तशी.

काल त्यालाच सगळे नशीब म्हणत होते.

ते टेबलापाशी आले. पेल्यात बोट बुडवलं आणि त्या ओळीच्या शेवटच्या अक्षरावर अलगद टेकवलं. अक्षर डोळ्यांदेखत जांभळं झालं.

"पेन्सिल तीच," ते म्हणाले. "पुस्तकालाच बांधलेली. पण या ओळीला मिठागराचं पाणी लागलेलंच नाही. विमान पाण्यात पडलं, पुस्तक भिजलं, हौसाच्या ओट्यावर वाळलं, आणि त्यानंतर कोणीतरी हे लिहिलं. भास्कर तेव्हा जिवंत नव्हता."

फौजदार हळूच कर्णिकांकडे वळले. "वाळत असताना ओट्यावर तुम्ही बसला होता."

कर्णिकांच्या हातातून चष्मा सुटला.

५

"मी नुसतं पाहिलं," कर्णिक म्हणाले. "बाई डोक्याशी उभी होती. विचारा तिला. आणि पाहिलं तेव्हा तिथे निलच होतं. मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. दोष नाही, म्हणजे कंपनीचा दोष नाही."

फौजदार त्यांना सोडायला तयार नव्हते. टिपणीस मात्र खिडकीशीच उभे होते.

"त्यांनी नाही लिहिलं," ते म्हणाले. "ही ओळ कंपनीच्या एंजिनियरला अडकवते, म्हणजे कंपनीलाच बुडवते. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कार्बन यांच्याच कपाटात होता. वरच्या पानावर काही वाढवलं तर खालचं पान लगेच चहाडी करणार, हे यांना पक्कं माहीत. जगनला माहीत, जमालला माहीत. विमानावर काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत. हे लिहिणाऱ्याला तेवढं माहीत नव्हतं."

"मग बाहेरचा माणूस?"

"बाहेरचा, पण कुठल्या रकान्यात काय लिहितात ते जाणणारा. भास्करचं अक्षर काढू शकणारा. आणि डाव्या इंजिनाचं तेलाचं प्रेशर पडत होतं हे ज्याला कळलं होतं असा."

ते पुन्हा मिठागरावर गेले. हौसा पाण्याची कळशी घेऊन येत होती. या वेळी त्यांनी वेगळं विचारलं.

"हौसाबाई, कंपनीचं सोडा. बुधवारी तुमच्या ओट्यावर आणखी कोण बसलं होतं?"

"कोन नाय."

"कोणीच नाही? पुस्तकाला हात लावलेलं कोणी?"

"ती बाय आली व्हती. पण ती काय येनं झालं?" हौसाने कळशी खाली ठेवली. "नवरा जिथं गेला ती जागा बघाया आली. रडत व्हती. बोलली, याला त्यांचा हात लागला हाय, जरा मांडीवर घेते. मी पाणी आणाया आत गेले. तुमी इचारला कंपनीचा कोण आला. ती कंपनीची हाय का?"

टिपणीस ओट्याच्या कडेला बसले. जगनचं बोलणं त्यांच्या कानात होतं. अरे, शर्ट बदलला. भास्कर सोमवारी पनवेलला सासुरवाडीत होता. बदललेला शर्ट तिथेच राहिला होता.

६

भास्करची बायको वेणू हिच्या वडिलांचं घर टपालनाक्याजवळ होतं. त्यांनी दार उघडलं आणि मुकाट्याने बाजूला झाले. वेणू आतल्या खोलीत सतरंजीवर बसली होती. तिने वर पाहिलं.

"बसा भाऊजी."

टिपणीस बसले. "वहिनी, भास्करचं उड्डाणांचं पुस्तक दर महिन्याला तुम्हीच उतरवून काढायचात ना?"

"लग्नापासून. ते सांगायचे, मी लिहायची. सगळे म्हणायचे, दोघांचं अक्षर एकच झालंय."

त्यांनी ते पान तिच्यापुढे ठेवलं.

"मी खोटं नाही लिहिलं," वेणू म्हणाली. "त्यांनी लिहिलेलंच लिहिलं. फक्त जागा बदलली."

ती उठली, कपाटातून एक सिगारेटचं रिकामं पाकीट घेऊन आली. फाडून उलटं केलेलं. आतल्या बाजूला भास्करच्या हातचं: 'डावं इंजिन. तेलाचं प्रेशर चढताना पडतं. जमालला देणे.'

"मंगळवारी सकाळी शर्ट धुवायला घेतला तेव्हा खिशात मिळालं. बाजूला ठेवून दिलं. दोन तासांनी बातमी आली." तिचा आवाज स्थिर होता. "बुधवारी त्या ओट्यावर मी ते पान उघडलं. तिथे निल. मला काही समजेना. ज्यांना दोष दिसला होता त्यांनीच दोष नाही असं लिहिलेलं. लोक म्हणाले असते, प्रधानांनी लपवलं आणि विमान पाडलं. आणि जमालला तर सांगितलेलंच असणार. चिठ्ठी लिहिली म्हणजे सांगितलंच असणार. तो गप्प बसून सुटणार आणि नाव यांचं जाणार. पेन्सिल तिथेच होती."

"वहिनी, ही चिठ्ठी तुमच्याकडे आहे."

"हो."

"म्हणजे ती जमालकडे गेलीच नाही."

वेणूची नजर पाकिटावर गेली, शेवटच्या दोन शब्दांवर. जमालला देणे. तिचा हात तोंडाकडे गेला.

"त्याला कोठडीत..." ती पुटपुटली. "मी विचारच केला नाही. देवा, मी हा विचारच नाही केला."

"भास्कर मंगळवारी ती खिशात शोधत होता. सापडली नाही. विमान निघायचं होतं. तोंडी सांगितलं असतं तरी चाललं असतं. का नाही सांगितलं ते आता कळणार नाही."

"पण पुस्तकात का नाही लिहिलं? पुस्तक त्यासाठीच असतं ना?"

"पुस्तकात लिहिलं की दुरुस्ती होईपर्यंत विमान जमिनीवर. फेरी रद्द, वरून बोलणी. म्हणून पुस्तकात निल लिहायचं आणि दोष चिठ्ठीवर लिहून एंजिनियरच्या हातात द्यायचा. तो गुपचूप दुरुस्त करतो."

"हो," वेणू म्हणाली. "ते सांगायचे ना. कमळाकरची युक्ती म्हणायचे. पहिल्या वर्षी तुम्हीच शिकवलीत म्हणून. किती कौतुकाने सांगायचे."

ती हे दोष द्यायला म्हणाली नव्हती. तिला फक्त आठवलं होतं. टिपणीसांच्या कानात मात्र एकदम काही तरी बंद झाल्यासारखं झालं. त्यांनी शिकवलं होतं. जुहूच्या विमानतळावर, हसत हसत, स्वतःच्याच सिगारेटचं पाकीट फाडून. अकरा वर्षांत त्यांना ते एकदाही आठवलं नव्हतं, आणि गेल्या चार दिवसांतही नाही.

"हे फौजदारांना द्या," वेणू म्हणाली आणि पाकीट त्यांच्या हातात ठेवलं. "यांचं नाव जाईल तर जाऊ दे. मी येते तुमच्याबरोबर. काय केलं ते मीच सांगते."

तिने चपला घातल्या. वडील काही तरी म्हणायला पुढे झाले, पण ती थांबली नाही.

७

जमाल त्याच संध्याकाळी सुटला. वेणूने सगळं लिहून दिलं. हव्वाबी अजून पायरीवर होती. वेणू तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. म्हातारीने तिच्या कपाळाकडे पाहिलं, मग तिचा हात धरून तिला शेजारी बसवून घेतलं. फौजदारांनी वेणूचं प्रकरण मॅजिस्ट्रेटपुढे ठेवलं. पुढे समज देऊन तिला सोडण्यात आलं.

रविवारी टिपणीस जमालच्या घरी गेले. त्याची बायको फरिदा चहा ठेवून आत गेली.

"तुझी माफी मागायला आलोय," टिपणीस म्हणाले. "चिठ्ठ्यांची ही रीत भास्करला मी लावली. अहवालात तसं लिहिणार आहे. माझ्या नावासकट."

जमालने कप उचलला नाही. तो आपल्या बोटांकडे बघत होता.

"फक्त तुमचं कसं लिहिता येईल?" तो म्हणाला. "चिठ्ठ्या घेत कोण होतं? मीच ना. भास्करसाहेबांच्या, दुसऱ्या कॅप्टनांच्या. वर्षानुवर्षं घेतल्या. रात्रीतून दुरुस्त केलं आणि पुस्तकात निलखाली सही केली. कंपनी खूश, कॅप्टन खूश."

"ते वेगळं. या वेळी तुला चिठ्ठी मिळालीच नव्हती."

"तेच सांगतोय, साहेब." जमालचा आवाज एकदम बारीक झाला. "मी कोठडीत ते कोणाला बोललो नाही. सोमवारी मी ते निल वाचलं ना, त्यावर माझा विश्वास नव्हताच. आम्ही कोणीच त्या शब्दावर विश्वास ठेवत नव्हतो. रविवारी मी कामावर नव्हतो, म्हणून कोणाच्या तरी हाती चिठ्ठी येईल याची वाट बघितली. दुपारपर्यंत चिठ्ठी आली नाही. म्हटलं, चिठ्ठी नाही म्हणजे इंजिन ठीक आहे. आणि वरवर बघून सही केली."

गुन्हेगार शोधत टिपणीस चार दिवस फिरले होते. कलकत्त्याच्या त्या सहवैमानिकाची तार त्यांना आठवली. लक्षात नाही. त्याचाही अर्थ आता कळला: चिठ्ठीची रीत त्यालाही ठाऊक होती आणि ती तो बोलणार नव्हता.

"हे लिहिलं तर तुझं लायसन्स जाईल," ते म्हणाले.

"जाईल."

"फरिदाला माहीत आहे?"

"तीच म्हणाली, सांगून टाक. नाही तर तुला झोप लागायची नाही, आणि मलाही."

टिपणीसांनी पिशवीतून अहवालाचे कागद काढले, आपलं पेन उघडलं आणि दोन्ही जमालपुढे सरकवले. "मग तुझ्याच हाताने लिही."

जमालने लुंगीला हात पुसले. लिहायला त्याला बराच वेळ लागला. चहा गार झाला. शेवटी त्याने सही केली, खाली तारीख घातली आणि कागद फिरवून टिपणीसांकडे केला.

"खाली जागा ठेवलीय, साहेब," तो म्हणाला. "आता तुम्ही लिहा."